म्हातारपणाची फूटपट्टी

संध्याकाळी पाच-साडेपाचला वाशी, नेरुळ किंवा बेलापूरच्या कोणत्याही उद्यानात गेले तर म्हातारपणाचे एक प्रसन्न चित्र पाहायला मिळते. पायांत बूट, हातात पाण्याची बाटली, बाकावर पेपर आणि राजकारण, विरंगुळा केंद्रात कॅरम. ही माणसे साठी-सत्तरी ओलांडलेली असतात. औषधांच्या डब्या प्रत्येकाच्या घरी असतात, पण दिवस स्वतःच्या पायांवर जातो. याच शहराच्या पूर्व कडेला, रबाळे औद्योगिक वसाहतीला लागून कातकरीपाडा आहे. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत. तिथे उभे राहिले की खाली गोल्फ कोर्स आणि सेंट्रल पार्क दिसते. या वस्त्यांतही म्हातारी माणसे आहेत, फक्त त्यांना कोणी ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणत नाही. उद्यानातल्या माणसाला हे बिरुद साठाव्या वाढदिवशी आपोआप मिळते. वाडीतल्या माणसाला ते मिळवण्यासाठी आधी वय सिद्ध करावे लागते.

मी विद्यापीठातला संशोधक नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ते अहवाल वाचत आणि रायगड-ठाण्यातल्या वाड्यांवर जात-येत या प्रश्नाचा मागोवा घेत आलो. ‘वांशिक अल्पसंख्य समूह आणि वृद्धांचे आरोग्य’ हा विषय जगभर अभ्यासला जातो. आपल्याकडे अल्पसंख्य म्हटले की धर्म आठवतो. पण या विषयाची आपल्या दारातली खरी उदाहरणे शोधायची तर आदिवासी वाड्यांकडेच यावे लागते. त्यातही कातकऱ्यांकडे. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून ज्या ७५ आदिवासी जमाती निश्चित केल्या आहेत, त्यांतल्या तीन महाराष्ट्रात आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती आणि त्यांची मोठी वस्ती रायगड-ठाणे भागातच आहे. ज्या मुलखात नवी मुंबई वसली, तिथली ही माणसे.

आजार किती, यापेक्षा जमते काय

प्रथम ‘निरोगी म्हातारपण’ या शब्दाचा अर्थ पाहू. एकही आजार नसणे असा अर्थ घेतला तर सत्तरीतले फार थोडे लोक त्यात बसतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या अहवालात वेगळी व्याख्या स्वीकारली. माणसाला जे करणे मोलाचे वाटते ते उतारवयातही करता येण्याची क्षमता टिकवणे, म्हणजे निरोगी वार्धक्य. ही क्षमता दोन गोष्टींनी बनते : शरीर-मनाची स्वतःची ताकद आणि भोवतालची परिस्थिती. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी याच कल्पनेवर निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले आहे.

व्याख्या पुस्तकी वाटेल, म्हणून एका गुडघ्याचे उदाहरण घेऊ. दोन बायकांचे गुडघे सारखेच झिजले आहेत. एक सानपाड्यात लिफ्ट असलेल्या इमारतीत राहते. घरात कमोड आहे, नळाला पाणी येते, रिक्षा दारात येते. तिचा गुडघा दुखतो, पण तिचे जगणे थांबत नाही. दुसरी डोंगरावरच्या वाडीत राहते. पाणी उतारावर, शौचाला आडोशाला, रेशनचे दुकान पायथ्याशी. आजारी पडली तर चादरीची झोळी करून चार जणांनी खाली न्यायचे. डॉक्टरांच्या कागदावर दोघींचे निदान एकच आहे, तरी पहिली हिंडतीफिरती आहे आणि दुसरी परावलंबी. म्हातारपणाचे अर्धेअधिक अपंगत्व शरीराबाहेर असते ते असे.

झिजणे

उरलेला भाग शरीराचा. त्यातही वयाचा वाटा किती आणि कष्टांचा किती, हा प्रश्न आहेच. अमेरिकेत आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२मध्ये यावर एक कल्पना मांडली. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मातांच्या बाळंतपणांची आकडेवारी तपासताना तिला दिसले की, गोऱ्या बायकांची बाळे विशीच्या मध्यात अधिक सुदृढ होतात, तर कृष्णवर्णीय बायकांची वय वाढत जाते तशी अशक्त होत जातात. म्हणजे पंचविशीतच त्यांच्या शरीरावर काहीतरी साचलेले असते. ऊन-वारा-पाऊस खाऊन घराचे लाकूड झिजावे तसे अपमान, टंचाई, अतिकष्ट आणि सततची काळजी यांनी शरीर झिजते, असे तिचे म्हणणे. तिने वापरलेल्या इंग्रजी शब्दासाठी आपल्याकडे नवा शब्द घडवायला नको. ‘झिजणे’ आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो आहोत, फक्त त्याला चंदनाचा सुगंध जोडून त्यातले दुःख झाकले आहे.

ही झीज जन्माआधीच सुरू होते हे महाराष्ट्रातल्याच एका कामाने दाखवले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधल्या तुलनेच्या बाळांचे ३.५ किलो होते. या लहानखुऱ्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र तितकी कमी नव्हती. अशी बाळे मोठी झाल्यावर मधुमेह-हृदयविकाराकडे झुकण्याचा धोका अधिक. आईने शेतात उपसलेले कष्ट आणि तिचे अपुरे जेवण यांचा हिशेब मुलाच्या पन्नाशीत पुढे येतो, तो असा.

आता कातकऱ्यांचे वर्ष पाहा. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल सरकारी केले आणि हा धंदा हातून गेला. मग शेतमजुरी, कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्ट्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर जायचे. नवरा-बायकोची जोडी धरली जाते. हजार विटांमागे दर ठरतो, आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात, उरलेले उचलीत वळते होतात. मे अखेरीस परतायचे, अनेकदा शिल्लक कर्जासह. हे वाचक हा अंक हातात घेतील त्या सुमारास कितीतरी वाड्यांवर सामानाची बांधाबांध सुरू असेल.

विटा थापायचे काम उकिडवे बसून होते. चिखल तुडवणे, साचा उचलणे, कच्च्या विटा वाहणे, भट्टीचा धूर. दहाव्या-बाराव्या वर्षी हे सुरू झाले असेल तर पंचेचाळीसाव्या वर्षी पस्तीस वर्षांची सेवा झालेली असते. कार्यालयातला माणूस एवढ्या सेवेनंतर निवृत्तीचे अर्ज भरतो. भट्टीवरचा माणूस निवृत्त होत नाही, त्याला जोडीत घेणे बंद होते. पाठ गेली की मालक उचल देत नाही, आणि उचल नाही म्हणजे पावसाळ्यात अन्न नाही. मग भट्टीचा हंगाम आला की काही घरांतली म्हातारी माणसे लहान नातवंडांना घेऊन वाडीवर मागे राहतात आणि पाच-सहा महिने एकमेकांच्या आधाराने काढतात.

भूकंपानंतर जन्मलेला माणूस

झिजलेल्या शरीराला सरकारी आधार मिळायचा तर पहिला प्रश्न येतो : वय किती? पनवेल तालुक्यातल्या एका वाडीवर मी एका गृहस्थांना हे विचारले. आकडा त्यांना सांगता येईना. अशा वेळी पाहणी करणारे लोक मोठ्या घटनांचा आधार घेतात. दुष्काळ आठवतो का? लग्न त्याआधी की नंतर? मी म्हटले, “बाबा, कोयनेचा भूकंप आठवतो का?” ते म्हणाले, “पहाटे जमीन हलली. आईनं बाहेर ओढलं. शेळ्या माझ्याकडंच होत्या तेव्हा.” तो भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. शेळ्या राखणारे पोर सात-आठ वर्षांचे तरी असणार. म्हणजे जन्म १९६०च्या आसपासचा, आज वय पासष्टीच्या घरात. त्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९६८. ज्या भूकंपाची आठवण ते सांगत होते, त्याच्यानंतरची.

ही १ जानेवारी ओळखीची आहे. जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, म्हणून नोंदणी करणाऱ्याने तोंडाकडे पाहून वर्ष ठरवायचे आणि वर्षाचा पहिला दिवस टाकायचा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे प्राधिकरणाने २०२३मध्ये स्पष्ट केले आणि २०२४च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात-भरपाईच्या निकालात तेच म्हटले. पण व्यवहारात खिडकीवर आधी तेच कार्ड मागतात.

महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वय ६५ पूर्ण लागते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते. मदत २०२३पासून दरमहा १५०० रुपये झाली. वर उल्लेखलेल्या गृहस्थांना कार्डाप्रमाणे हे पैसे २०३३मध्ये मिळू लागतील. कागद नसलेल्यांसाठी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला नियमांना चालतो. तो मिळवायला मात्र रुग्णालय, सेतू केंद्र आणि तहसील अशा फेऱ्या पडतात, आणि प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी जाते.

दुसरीकडे, असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २०२१च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली ती १६ ते ५९ वयासाठी. बांधकाम मजुरांच्या मंडळाच्या नोंदणीचे दारही साठीला बंद होते. म्हणजे साठीला माणूस कामगार राहत नाही आणि पासष्टीपर्यंत वृद्धही ठरत नाही. या पाच वर्षांत त्याने काय करायचे, हा प्रश्न उरतो.

यापुढचा टप्पा सत्तरीचा. केंद्राने २०२४च्या ऑक्टोबरात ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण दिले. योजना चांगली आहे. पण सत्तरीला पोहोचते कोण? डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८मध्ये आला. त्यात आदिवासींचे अपेक्षित आयुर्मान ६३.९ वर्षे आणि सर्वसाधारण लोकसंख्येचे ६७ वर्षे दिले आहे. हा आकडा नीट वाचायला हवा. प्रत्येक आदिवासी चौसष्टाव्या वर्षी मरतो असा त्याचा अर्थ नाही. तान्ह्या मुलांचे मृत्यू ही सरासरी खाली ओढतात आणि बालपणातून वाचलेली माणसे पुढे बरीच जगतात. तरीही दरी प्रत्येक वयात काही ना काही उरते. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी नऊ राज्यांतल्या दोन कोटी लोकांच्या नोंदी तपासून २०२२मध्ये निष्कर्ष मांडला : उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान सुमारे चार वर्षांनी आणि दलितांचे सुमारे तीन वर्षांनी कमी आहे. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. पण अभ्यासातली एक गोष्ट सगळीकडे विचारात घेण्याजोगी आहे : सांपत्तिक स्थिती सारखी धरली तरी ही दरी पूर्ण भरत नाही. गरिबीपलीकडचे काहीतरी आयुष्य कातरत असते.

न सापडलेले आजार

वाशीच्या खाडीपुलापलीकडे, देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८मध्ये देशभर ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. आपल्याकडचा वार्धक्यावरचा हा सर्वांत मोठा अभ्यास. त्यातले आकडे पहिल्यांदा वाचताना कोणीही चक्रावेल. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचे निदान झालेले लोक शहरी, सुस्थितीतल्या वर्गात जास्त आणि ग्रामीण, गरीब, आदिवासी वर्गात कमी. मग आदिवासी म्हातारे अधिक निरोगी म्हणायचे का?

काही अंशी खरेही असेल. आहारात साखर-तेल कमी, चालणे भरपूर. पण निदान होण्यासाठी कोणीतरी तपासावे लागते. ज्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा कधी बांधलाच नाही, त्याला रक्तदाब नाही अशी नोंद होते. अमर्त्य सेन यांनी २००२मध्ये हीच गोष्ट केरळ आणि बिहारच्या तुलनेतून समजावली होती. आयुर्मान सर्वांत जास्त केरळात, आणि आपण आजारी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाणही तिथेच सर्वांत जास्त. बिहारमध्ये दोन्ही कमी. आजार ओळखायलाही शिक्षण आणि दवाखाना लागतो.

वाड्यांवर याचा पडताळा सहज येतो. “तब्येत कशी आहे, आजी?” या प्रश्नाला बहुधा “बरी हाय” असेच उत्तर येते. दिसते का, असे विचारले तर कळते की एका डोळ्याने दोन वर्षांपासून दिसत नाही. मोतीबिंदूची तक्रार त्या करत नाहीत, कारण म्हातारपणी दिसेनासे होणे हे त्यांनी आईला, आजीला होताना पाहिलेले असते. ज्या गोष्टीवर वीस मिनिटांची शस्त्रक्रिया आहे, ती निसर्गनियम समजून स्वीकारलेली असते. सरकारी आकडे या ‘बरी हाय’वर उभे राहिले तर वाडीला गरजच नाही असे दिसेल, आणि सोयी जिथे आधीच आहेत तिथेच वाढतील.

नवी मुंबई महापालिकेचे एक नागरी आरोग्य केंद्र कातकरीपाड्यात आहे, ही जमेची बाजू. खुद्द वस्तीच्या नावाने केंद्र असणे थोड्या शहरांत आढळेल. डोंगरावरच्या आणि महापालिकांच्या हद्दीबाहेरच्या वाड्यांना ती सोय नाही.

सातबारा आणि लेव्ही

म्हातारपणाची बेगमी आयुष्यभर होत असते, आणि ती कोणाला करता येते हे कायदे ठरवतात. याची दोन उदाहरणे नवी मुंबईतच आहेत.

पहिले जमिनीचे. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. आगरी-कोळी कुटुंबांना हे हक्क रक्त सांडून मिळाले, आणि त्यातून आलेल्या घरभाड्यावर आज अनेकांचे म्हातारपण निघते. पण हिशेबाचे माप होते सातबाऱ्यावरची जमीन. ज्यांच्या नावावर गुंठाही नव्हता, त्यांच्या साडेबारा टक्क्यांचे गणित शून्यावरच सुटते. कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या तर दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर वसलेल्या. मजूर जवळ असावेत म्हणून मालकाने कधीकाळी बसवलेल्या. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी कातकरी वाड्यांच्या या अधांतरी स्थितीवर पुस्तकच लिहिले आहे. मुंबईचा विस्तार होऊन जमिनीचे भाव चढले तसे या वाड्यांभोवती कुंपणे आली. ज्याला उद्या घर राहील की नाही याची खात्री नाही, त्याची झीज रात्रीही थांबत नाही.

दुसरे उदाहरण माथाड्यांचे. तुर्भे-वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांचे काम भट्टीइतकेच शरीर खाणारे. पण अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे १९६९मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून सर्व मालकांनी मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही एका मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार द्यायचे. कोपरखैरण्याचे माथाडी रुग्णालय त्याच वाटेने उभे राहिले. बाजारात आज अनेक तंटे आहेत, नोंदणीबाहेरचे मजूरही पुष्कळ आहेत. तरी नोंदणीकृत माथाडीला म्हातारपण म्हणून काही मिळते. पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींत आयुष्य घालवलेल्या वडार मजुराला किंवा भट्टीवरच्या कातकऱ्याला तसे काही मिळालेले सहसा दिसत नाही. तिघांच्या पाठी सारख्याच मोडल्या. फरक एका कायद्याने पडला.

माप बदलता येते

वयाची अट सर्वांना सारखी असावी, तीच समता, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो बिनतोड नाही. आपल्या सैन्यात २०२२पूर्वी भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर चाळिशीच्या आतबाहेर निवृत्तिवेतनावर घरी येतो. त्या कामाला तरुण शरीर लागते हे आपण मान्य केले आहे आणि त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात वृद्धसेवांसाठी सर्वसाधारण वय ६५ आहे, तिथल्या मूळ आदिवासींसाठी मात्र ५०. झारखंडने २०२४मध्ये आदिवासी, दलित आणि स्त्रियांसाठी राज्याच्या वृद्ध निवृत्तिवेतनाचे वय ५०वर आणले. लवकर झिजणारे शरीर लवकर म्हातारे मानले, इतकेच.

महाराष्ट्रात हे तीन मार्गांनी करता येईल. विशेष असुरक्षित जमातींसाठी निवृत्तिवेतनाचे वय ५० किंवा ५५ करावे. वयाच्या दाखल्यासाठी माणसाने कार्यालयात येण्याऐवजी दिवाळीपूर्वी, भट्टीवर जाण्याआधी, वैद्यकीय अधिकारी आणि तहसील कर्मचाऱ्यांनी वाडीवर जावे. त्याच शिबिरात डोळे, रक्तदाब, साखर तपासावी. आणि वीटभट्टीच्या धंद्यावर माथाडी मंडळासारखी लेव्ही बसवावी. आपल्या इमारतींच्या विटांवर त्याचा किती भार पडेल, याचा हिशेब अर्थखात्याने मांडावा.

नवी मुंबईची घरे ज्या विटांची, खडीची आणि वाळूची आहेत, त्यांत कोणाचे तरी गुडघे आणि फुप्फुसे गेली आहेत. सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठाने त्याबद्दल अपराधी वाटून घ्यावे असे मी म्हणत नाही. त्याने आयुष्यभर काम केले आणि त्याला विसावा मिळाला, हे योग्यच झाले. मागणी एवढीच आहे की, काम केले त्याला विसावा, हा न्याय लावताना जन्मतारखेबरोबर कामाची वर्षेही मोजली जावीत.